गावच्या शाळेतील इंटरनेट आणि लहान विद्यार्थ्यांची सुरक्षितता : शिक्षकांसाठी मार्गदर्शिका

विदर्भातील खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत इंटरनेट म्हणजे बहुधा तीन वस्तू असतात : लोकवर्गणीतून किंवा एखाद्या योजनेतून आलेला स्मार्ट टीव्ही, कपाटात कुलूपबंद असलेले चार-पाच टॅब आणि ज्याच्या हॉटस्पॉटवर बाकी सगळे चालते तो गुरुजींचा किंवा मॅडमचा स्वतःचा मोबाइल. शहरी शाळांसाठी निघणाऱ्या सूचनांमध्ये संगणक कक्ष, तंत्रसहायक आणि शाळेचे स्वतंत्र नेटवर्क गृहीत धरलेले असते. द्विशिक्षकी शाळेत यांपैकी काहीच नसल्यामुळे त्या सूचना भिंतीवर चिकटवण्यापलीकडे फारशा उपयोगी पडत नाहीत. पुढील मार्गदर्शन पहिली ते आठवीच्या अशा लहान शाळांसाठी आहे आणि त्यातील बहुतेक गोष्टींना वेळ लागतो, पैसा लागत नाही.

यंत्रांची मांडणी

सर्वप्रथम शाळेतील प्रत्येक यंत्रावर कोणाचे गुगल खाते चालू आहे ते पाहावे. स्मार्ट टीव्ही बसवणाऱ्या दुकानदाराने घाईत स्वतःचेच खाते टाकून दिलेले असते, किंवा एखाद्या शिक्षकाचे वैयक्तिक खाते वर्षानुवर्षे तसेच राहिलेले असते, आणि मग दुसरीच्या मुलांसमोर कविता लावताना त्या व्यक्तीने रात्री पाहिलेल्या गोष्टींशी मिळतेजुळते व्हिडिओ पडद्यावर ओळीने दिसू लागतात. शाळेच्या नावाने एक वेगळे खाते उघडावे, त्याची जबाबदारी मुख्याध्यापकांकडे ठेवावी आणि सर्व टॅब व टीव्हीवर फक्त तेच खाते राहू द्यावे. यूट्यूबच्या सेटिंगमधील ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू केल्यास प्रौढांसाठीचे बरेचसे व्हिडिओ गाळले जातात आणि प्रतिक्रियांचा भाग दिसेनासा होतो. मात्र ही सोय प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे करावी लागते, टॅबवर केली म्हणून टीव्हीवर आपोआप होत नाही. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होण्याची ‘ऑटोप्ले’ सोय बंद करावी. गुगलच्या शोधासाठी ‘सेफसर्च’ चालू ठेवावे, आणि प्ले स्टोअरमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल’ला असा पिन द्यावा की जो मुलांना ठाऊक नसेल. १२३४ सारखे सोपे पिन मुलांना पहिल्याच आठवड्यात समजतात, म्हणून ते टाळावेत.

याहून थोडे पुढचे पाऊल म्हणजे गाळणी लावलेला डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता शोधून देणारी सेवा, वापरणे. ज्या शाळेत राउटर आहे तेथे त्याच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे इंग्रजी अंकांत भरले, तर क्लाउडफ्लेअर या कंपनीची विनामूल्य सेवा अश्लील आणि घातक संकेतस्थळे उघडूच देत नाही. जेथे सारा कारभार मोबाइल हॉटस्पॉटवर आहे, तेथे प्रत्येक टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट डीएनएस’च्या रकान्यात फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम हे नाव रोमन अक्षरांत लिहावे, अँड्रॉइड ९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये हा रकाना असतो. शिक्षकाच्या फोनमध्ये ही सोय केली म्हणून हॉटस्पॉटला जोडलेले टॅब सुरक्षित झाले, असे धरून चालू नये. या गाळणीची मर्यादाही ध्यानात ठेवावी : ती संपूर्ण संकेतस्थळ अडवते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा फोटो किंवा इन्स्टाग्रामवरील अनोळखी माणसाचा निरोप तिला दिसत नाही. म्हणूनच शाळेच्या टॅबवर व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि खेळ मुळात नसावेत. ब्लूटूथवरून आलेले अ‍ॅप बसवण्याची, म्हणजे ‘अज्ञात स्रोतां’ची परवानगीही बंद ठेवावी, कारण सातवीच्या मुलांना ती वाट बरोबर ठाऊक असते.

शिक्षकाचा वैयक्तिक मोबाइल मुलांच्या हाती देणे हा या सर्वांत नाजूक भाग आहे. त्यात गॅलरी असते, बँकेचे अ‍ॅप असते, गटशिक्षण कार्यालयाच्या ग्रुपवरील निरोप असतात आणि घरची छायाचित्रे असतात. शक्य असेल तर तो देऊच नये. टॅब बंद पडला आणि द्यावाच लागला, तर अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमधील ‘अ‍ॅप पिनिंग’ वापरावे, म्हणजे दीक्षा हे शासनाचे पाठांचे अ‍ॅप पडद्यावर अडकवून ठेवता येते आणि पिन विचारण्याचा पर्याय चालू ठेवला असेल तर पिन टाकल्याशिवाय मुलाला त्यातून बाहेर पडता येत नाही. बऱ्याच फोनमध्ये ‘गेस्ट’ वापरकर्त्याचीही सोय असते, तिचाही विचार करावा.

ज्या गावांत ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या केंद्र सरकारच्या इंटरनेट योजनेचे फायबर पोहोचले आहे आणि शाळेला तेथून जोडणी मिळाली आहे, तेथे शाळेच्या वायफायचा पासवर्ड गावात फिरत नाही ना, हे पाहावे. संध्याकाळी शाळेच्या कुंपणाशी मोबाइल घेऊन बसलेली पोरे दिसली की पासवर्ड बदलण्याची वेळ झाली, असे खुशाल समजावे.

वर्गात वापर कसा ठेवावा

‘मुलांवर सतत लक्ष ठेवा’ ही सूचना बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या शिक्षकाला देण्यात अर्थ नाही. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी आणि त्यातच पोषण आहाराची नोंद अशी धावपळ असताना कोणत्या मुलाच्या पडद्यावर काय आहे ते पाहणे कोणालाही शक्य नाही. त्यावर साधा उपाय असा की, शिक्षक वर्गात समोर नसतील तेव्हा टॅबवर इंटरनेटच नसावे. दीक्षा अ‍ॅपमधील पाठ आधी उतरवून घेता येतात आणि नंतर जोडणीविना चालतात. आदल्या दिवशी, जेथे रेंज चांगली मिळते तेथे पाठ उतरवून घ्यावेत आणि वर्गात हॉटस्पॉट बंद ठेवून टॅब द्यावेत. मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला जेथे टॉवर मिळण्याचीच मारामार असते, तेथील शिक्षक नाइलाजाने हेच करतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती पद्धत रेंज असलेल्या गावांनीही उचलण्यासारखी आहे.

पहिली ते चौथीच्या मुलांना मोकळा शोध घ्यायला लावू नये. शिक्षकाने आधी स्वतः शेवटपर्यंत पाहिलेला पाठ किंवा व्हिडिओच द्यावा. ‘शेवटपर्यंत’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे, कारण मुलांच्या गाण्यांच्या नावाखाली मधेच भलतेच दृश्य घातलेले व्हिडिओ यूट्यूबवर आढळलेले आहेत. पाचवीपासून पुढे शोध घेऊ द्यावा, पण दोघांत एक टॅब द्यावा, पडद्यांची तोंडे शिक्षकाच्या बाजूला ठेवावीत आणि काम नेमके सांगावे. ‘इंटरनेटवर वाघाची माहिती शोधा’ असे सांगण्यापेक्षा ‘ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प कोणत्या जिल्ह्यात आहे आणि त्याला अंधारी हे नाव कोणत्या नदीवरून मिळाले ते शोधा’ असे सांगितले, तर मुले दहा मिनिटांत काम उरकतात आणि भटकत नाहीत.

शाळेकडूनच जी माहिती बाहेर जाते

मुलांना धोका बाहेरून येतो असे आपण गृहीत धरतो, परंतु मुलांची सर्वाधिक माहिती बाहेर सोडण्याचे काम अनेकदा शाळाच करते. शिष्यवृत्तीसाठी किंवा यू-डायस या शाळांच्या शासकीय माहिती प्रणालीतील नोंदीसाठी आधार क्रमांक, जन्मतारीख, आईचे नाव आणि बँक खाते असलेल्या पूर्ण यादीचा फोटो काढून तो ग्रुपवर टाकला जातो, आणि त्या ग्रुपमध्ये नेमके कोण कोण आहे हे टाकणाऱ्यालाही आठवत नसते. अशी यादी ज्या एका व्यक्तीला हवी आहे तिलाच पाठवावी, काम होताच दोन्ही फोनमधून काढून टाकण्यास सांगावे आणि पालकांच्या ग्रुपवर तर ती कधीही टाकू नये.

छायाचित्रांबाबत अधिक सविस्तर सांगणे आवश्यक आहे. उपक्रम झाला की फोटो टाकणे हा आता शिक्षकाच्या कामाचाच भाग झाला आहे, कारण केंद्रशाळेपासून जिल्ह्यापर्यंत पुरावा म्हणून फोटोच मागितला जातो. त्यामुळे ‘फोटो काढू नका’ हा सल्ला कागदावरच राहील. पुढील पथ्ये मात्र पाळता येतात. दुरून, गटाचा आणि कामाचा फोटो घ्यावा; एकट्या मुलाचा चेहरा, नाव, इयत्ता आणि गाव एकत्र येईल असा मजकूर त्याखाली लिहू नये. वरिष्ठांना पाठवायचा फोटो आणि सार्वजनिक पानावर टाकायचा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नेहसंमेलनातील मुलींच्या नृत्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर किंवा रीलच्या रूपाने उघडपणे टाकू नयेत. खाली कोणत्या प्रतिक्रिया येतात ते ज्यांनी वाचले आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. पालकांना दाखवायचेच असेल तर व्हिडिओ ‘अनलिस्टेड’, म्हणजे शोधात न दिसणारा, ठेवून त्याची लिंक पालकांना द्यावी, प्रतिक्रिया बंद ठेवाव्यात आणि ही लिंक पुढे जाऊ शकते हे गृहीत धरूनच व्हिडिओची निवड करावी. साध्या गणवेशातील छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी बनावट नग्न छायाचित्र तयार करता येते, त्यामुळे आपल्याला निरुपद्रवी वाटणारा फोटोही तसा राहीलच याची खात्री उरलेली नाही.

प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून लेखी संमती घ्यावी आणि त्या कागदावर फोटो शाळेत लावणे, वरिष्ठांना पाठवणे आणि सार्वजनिक करणे यांसाठी तीन वेगवेगळे रकाने ठेवावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. निरक्षर आईला कागद वाचून दाखवावा. नुसता अंगठा घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे.

मुलांना काय शिकवावे

सूचनांची लांब यादी पाठ करून घेण्यात हशील नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना एकच गोष्ट शिकवावी : पडद्यावर भीती वाटेल, किळस येईल किंवा लाज वाटेल असे काही आले, तर टॅब पालथा घालायचा आणि मॅडमला सांगायचे. बटण शोधत बसायचे नाही, बंद करायचा प्रयत्न करायचा नाही. परिपाठाच्या वेळी हे दोन-तीनदा खेळासारखे करून घ्यावे, म्हणजे ‘पालथा घाला अन् सांगा’ हे त्यांच्या तोंडी बसते. कोरकू, गोंडी किंवा माडिया घरभाषा असलेल्या मुलांना हे त्यांच्याच भाषेत सांगावे, गरज पडल्यास अंगणवाडी सेविकेची किंवा वरच्या वर्गातील मुलीची मदत घ्यावी. ‘आक्षेपार्ह मजकूर’ अशा शब्दांनी त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

तिसरी ते पाचवीत पासवर्ड आणि ओटीपी यांचा विषय घ्यावा, आणि तो खेळाच्या उदाहरणानेच घ्यावा. फ्री फायर मॅक्ससारख्या खेळात ‘फुकट डायमंड’ देण्याचे आमिष दाखवून मुलाकडून वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी काढून घेतला जातो, आणि त्या खात्यात कापूस विकल्याचे किंवा पीएम किसानचे पैसे असतात. मुलांना ही साखळी फळ्यावर काढून दाखवावी. खेळात बोलणारा ‘अकरा वर्षांचा सोनू’ प्रत्यक्षात कोण आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून गाव, शाळा, घरी कोण असते आणि आई-बाबा शेतात केव्हा जातात हे त्याला सांगायचे नाही, हेही याच वयात सांगावे.

सहावी ते आठवीत छायाचित्रे मागणे, ती पसरवण्याची धमकी देणे आणि वर्गातील एखाद्याचा फोटो विद्रूप करून फिरवणे हे विषय टाळता येत नाहीत. आपल्या शाळेतील मुले लहान आहेत, त्यांना यातले काही कळत नाही, असा समज बाळगणे सोयीचे असते, पण तो खरा असेलच असे नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींसाठी किमान वय १३ वर्षे आहे आणि वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नंबरावर त्याआधीच खाते उघडले जाते, हे धरूनच बोलावे. मुलगे आणि मुली यांच्याशी एकत्रही बोलावे आणि वेगवेगळेही बोलावे. मुलांना हे स्पष्ट सांगावे की दुसऱ्याचा असा फोटो पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे, ‘मी काढला नाही, फक्त पाठवला’ हे कारण चालत नाही.

मात्र या साऱ्या शिकवणीचा उपयोग एका अटीवर अवलंबून आहे : मुलाने सांगितले म्हणून त्याला किंमत मोजावी लागता कामा नये. गावातील आठवीच्या मुलीला ठाऊक असते की घरी कळले तर फोन जाईल, शाळा सुटेल आणि पुढच्या लग्नसराईत स्थळे पाहणे सुरू होईल. म्हणून ती धमकी देणाऱ्याचे ऐकत राहते, आणि धमकी देणाऱ्यालाही तिची ही अडचण नेमकी माहीत असते. मुलग्याला मार बसेल याची भीती असते. यासाठी शाळेने वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांसमोर आणि पालकांसमोर एकच गोष्ट जाहीर करावी की ज्याने स्वतः येऊन सांगितले त्याला शिक्षा होणार नाही, त्याची चूक असली तरी नाही. एखाद्या मुलाने चुकीचे संकेतस्थळ उघडले आणि ते येऊन सांगितले, तर त्या दिवशी टॅब काढून घेऊ नये. बाकीची मुले ते बारकाईने पाहत असतात. तक्रारपेटी दर्शनी जागेत असावी, पण मुख्याध्यापकांच्या खुर्चीसमोर नसावी. २०२२ च्या शासन निर्णयानुसार स्थापन करावयाची सखी सावित्री ही विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची समिती आपल्या शाळेत केवळ फलकावर आहे का, हेही तपासावे; तिच्यातील किमान एका महिला सदस्याचा चेहरा मुलींना परिचित असला पाहिजे.

मुलाने सांगितल्यावर

प्रथम ऐकून घ्यावे. ‘तू उघडलेच का?’ हा प्रश्न त्या वेळी विचारू नये, आणि तीच हकीकत मुलाकडून निरनिराळ्या लोकांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावे. शिवीगाळ, धमकी किंवा पैशांची मागणी असेल तर त्या संदेशाचा, नंबराचा आणि प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि नंतरच ब्लॉक करावे.

बालकाचे लैंगिक स्वरूपाचे छायाचित्र किंवा व्हिडिओ असेल, तर मात्र नियम वेगळा आहे. त्याची प्रत काढू नये, स्क्रीनशॉट घेऊ नये, मुख्याध्यापकांना ‘बघा म्हणून’ पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ब नुसार असे साहित्य प्रसारित करणे गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की ते नुसते बाळगणे आणि न कळवणे हेही पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या अधिनियमाच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकते. फोन किंवा टॅब बंद करून कुलपात ठेवावा, त्याच दिवशी कळवावे आणि पोलीस आल्यावर त्यांच्याकडे सोपवावा.

पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्हा हाताखालच्या कर्मचाऱ्याचा असेल आणि संस्थाप्रमुखाने तो दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कायदेशीर दायित्व येत नाही. सरपंच, पोलीस पाटील आणि चार वडीलधारी ‘पोरीची बदनामी होईल, गावातच मिटवू’ असे म्हणतील, तेव्हा हा कायदा शिक्षकाच्या बाजूने उभा असतो, कारण मिटवण्याचा अधिकारच त्याला राहिलेला नसतो. पोलीस पाटलाच्या कानावर घातले म्हणजे ठाण्याला कळवले, असेही समजू नये.

पालकांना पोलीस ठाण्याची धास्ती असते. त्यांना कलम २४ समजावून सांगावे : मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. संशय घरातील किंवा नात्यातील माणसावरच असेल, तर पालकांना सांगण्यापूर्वी चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतसेवेच्या १०९८ या क्रमांकावर बोलून घ्यावे. त्रास देणारा आठवीचाच मुलगा असेल तर तोही कायद्याने बालकच आहे. त्याला परिपाठात उभे करून लाज काढणे हा मार्ग नव्हे.

पैसे गेले असल्यास सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन करावा, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधी कळवले तर ती गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. स्वतःचे छायाचित्र पसरण्याची भीती असलेल्या १८ वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे; तिच्यात छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही, त्याच यंत्रावर त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या तिच्या आधारे ते आपल्या सेवांवरून हटवतात.

पालक सभा

कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी सभा ठेवली तर कोणी येणार नाही. जून अखेरीस शाळा उघडल्यावर पेरणीची घाई असते, तीही टाळावी. पोळ्याच्या सुमारास, संध्याकाळी, शक्यतो महिला बचत गटाच्या बैठकीला जोडून सभा घ्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांच्याकडून निमंत्रण गेले तर अधिक लोक येतात. सभेत भाषण देण्याऐवजी प्रत्येकाच्या फोनमध्ये दोन गोष्टी करून द्याव्यात : पैशांच्या अ‍ॅपला वेगळे कुलूप आणि यूट्यूबला रिस्ट्रिक्टेड मोड. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची जी मुले आजीजवळ राहतात, त्यांच्या हाती दिवसभर फोन असतो आणि विचारणारे कोणी नसते. त्यांची नावे शिक्षकाला माहीत असतात, त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. मुलीला त्रास झाला तर तिची शाळा बंद करणार नाही, एवढे आश्वासन पालकांकडून सभेतच घ्यावे.

सुट्टी आणि बदली

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी टॅबमधील मुलांचे फोटो काढून टाकावेत, पाहिलेल्या व शोधलेल्या गोष्टींचा इतिहास पुसावा आणि टॅब निम्मे चार्ज करून बंद अवस्थेत कपाटात ठेवावेत. मे महिन्यात टिनाच्या छताखाली पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या फुगतात, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. शाळा उघडल्यावर वरील सर्व सेटिंग पुन्हा तपासाव्यात, कारण अपडेटनंतर काही बदललेल्या आढळू शकतात.

शिक्षकाची बदली झाल्यावर पदभाराच्या यादीत टॅब आणि टीव्ही यांची नोंद होते, पण शाळेच्या खात्याचा पासवर्ड, वायफायचा पासवर्ड, पॅरेंटल कंट्रोलचा पिन आणि खात्याला जोडलेला फोन नंबर यांची होत नाही, आणि मग नव्या शिक्षकाला आपले वैयक्तिक खाते टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. या चार गोष्टी बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्याव्यात, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) पाकीट दिल्याची नोंद करावी, जुन्या शिक्षकाचा नंबर खात्यातून काढून नव्याचा जोडावा आणि पालकांच्या व तक्रारींच्या ग्रुपचे अ‍ॅडमिनपद त्याच दिवशी बदलावे.